पदर, पगडी आणि भिजत घोंगडे
(जुन्या वस्त्रांनी मागे ठेवलेले शब्द)

'दवाखान्याबाहेरचे काहीतरी लिहा,' अशी सूचना स्मरणिकेच्या संपादक मंडळाने केली तेव्हा मी प्रथम सुखावलो आणि मग विचारात पडलो. तीस वर्षे केवळ मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या माणसाकडे दवाखान्याबाहेरचे असे असते तरी काय? त्याच आठवड्यात नार्व्याच्या जुन्या घरात आजीची लाकडी पेटी आवरायला घेतली. पेटीतून एक नऊवारी लुगडे, आजोबांचे पागोटे, कधीकाळी माझ्या डोक्यावर शोभलेली कुंची आणि तळाशी कसर लागलेले एक घोंगडे निघाले. यांपैकी एकही वस्त्र आज आमच्या घरात कोणी वापरत नाही. तरीही त्या दिवशी सकाळपासून घरात 'पदरमोड', 'कंबर कसणे' आणि 'भिजत घोंगडे' हे तिन्ही शब्द सहज उच्चारले गेले होते. वस्त्रे पेटीत गेली, शब्द मात्र तोंडी राहिले.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले जाण्यास एक जुनी चूक कारणीभूत आहे. ती चूक दवाखान्यातलीच आहे. तेव्हा संपादकांची सूचना मी पूर्णपणे पाळू शकलो नाही, हे आधीच मान्य करतो.

एक आजी आणि एक शब्द

१९९० च्या दशकाचा मध्य असावा. एम.डी. होऊन मला फार दिवस झाले नव्हते. बाह्यरुग्ण विभागात सकाळची गर्दी होती. घाटावरून, चंदगडच्या बाजूने आलेली एक वृद्ध स्त्री सात वर्षांच्या नातीला घेऊन समोर बसली. मुलगी गप्प, चेहऱ्याने थोडी सुजट, आणि अंगाभोवती आजीचे जुने पातळ गुंडाळून घेतलेली. काय होते आहे, असे विचारताच आजी मान खाली घालून हळूच म्हणाली, ''पोरीला पदर आला, डाक्तर. एवढ्या लवकर.''

मी मुलीकडे पाहिले. अंगावरचे पातळ खांद्यावरून पदरासारखेच घेतलेले होते. पोर आजीचे अनुकरण करीत असावी, एवढाच अर्थ मी लावला आणि हसून म्हणालो, ''असू दे हो आजी, खेळायचंच वय आहे.'' आजी काही बोलली नाही. मी जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. ती दोघे उठून गेली.

दुपारी विभागातील एका अनुभवी आयाला मी ही गंमत सांगितली. ती हसली नाही. ''अहो डॉक्टर,'' ती म्हणाली, ''पदर आला म्हणजे न्हाण आलं. पाळी सुरू झाली. तुम्ही तिला तसंच पाठवलंत?''

नोंदवहीत नाव आणि गाव होते, पत्ता नव्हता. त्या बाजूला जाणाऱ्या एक-दोघांकडे निरोप दिला, तो पोहोचला नाही. त्या मुलीचे पुढे काय झाले ते लेखाच्या अखेरीस सांगेन. मी मराठी घरात वाढलो, मराठी माध्यमातून शिकलो, तरी बायकांच्या बोलीतला हा साधा वाक्प्रचार मला ठाऊक नव्हता. आणि वैद्यकीय महाविद्यालयात 'मेनार्की' हा ग्रीक शब्द मात्र मी घोकून पाठ केला होता. त्या दिवसापासून वस्त्रांवरून आलेले शब्द मी एका वहीत टिपू लागलो. त्या वहीतील काही पाने येथे वाचकांपुढे ठेवतो.

पदराचे पदर

आमच्या भाषेत कोणत्या वस्त्राने सर्वाधिक संसार केला असेल तर तो पदराने. लुगड्याचे हे एक टोक. पण ते डोईवर घेतले की मर्यादा झाले, खांद्यावरून पुढे आणले की झोळी झाले, कोपऱ्याला गाठ मारली की पैशांची पेटी झाले आणि तान्ह्या मुलाभोवती ओढले की घर झाले. या प्रत्येक उपयोगातून वाक्प्रचारांचा एकेक समूह निर्माण झाला आहे.

गाठीपासून सुरुवात करू. स्त्रिया नाणी पदराच्या टोकाला बांधून ठेवीत. बाजारातल्या वृद्ध स्त्रिया परवापरवापर्यंत तसेच करताना दिसत. म्हणून 'पदरचा पैसा' म्हणजे स्वतःचा पैसा. तो दुसऱ्याच्या कामासाठी खर्च करणे ही 'पदरमोड', आणि अशा खर्चाने आपलीच झीज झाली तर 'पदराला खार लागला'. झोळीवरून 'पदर पसरणे' म्हणजे याचना करणे, 'पदरी पडणे' म्हणजे वाट्याला येणे, आणि वाट्याला आलेले मुकाट्याने स्वीकारायचे म्हणून 'पदरी पडले, पवित्र झाले'. आश्रयाच्या अर्थावरून राजाच्या 'पदरी' सरदार आणि पंडित असत. राजा पुरुष असला आणि लुगडे नेसत नसला तरी भाषेने त्याला पदर बहाल केला, याची मला नेहमी मौज वाटते.

बालरोगतज्ज्ञाला सर्वांत जवळचा वाक्प्रचार म्हणजे मुलाला 'पदराखाली घेणे'. त्याचा अर्थ पाजणे. आणि नुसते पाजणे नव्हे, तर ऊब, काळोख आणि आईच्या कातडीचा स्पर्श यांसह पाजणे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, काचपेट्या अपुऱ्या पडतात म्हणून, कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिला कांगारूचे नाव मिळाले. पुढे जगभर अभ्यास झाले, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा बाळांसाठी ही पद्धत जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी, अशी शिफारस केली. नव्या मातांना ही पद्धत समजावताना मी कांगारूचे नाव घेत नाही. ''बाळाला पदराखाली घेऊन बस, दिवसभर,'' एवढेच सांगतो. अधिक स्पष्टीकरण क्वचितच लागते.

मूल मोठे झाले तरी पदर सोडीत नसेल तर आपण म्हणतो, 'अजून आईच्या पदराला धरून आहे.' इंग्रजीत अगदी हीच तक्रार ॲप्रनच्या नाडीवर घातलेली आहे: मुलगा आईच्या ॲप्रनच्या नाड्यांना बांधलेला असतो. या इंग्रजी शब्दप्रयोगामागे कायद्याचाही एक धागा सांगितला जातो. सतराव्या शतकातील इंग्लंडात पत्नीच्या हक्काने पतीकडे आलेल्या जमिनीच्या भोगवट्याला 'ॲप्रनच्या नाडीचा भोगवटा' म्हणत. पत्नी गेली की पतीचा हक्कही संपत असे. तेथे नाडी जमिनीची आणि परावलंबनाची. आपल्याकडे पदर मायेचा. तक्रार एकच, पण तिच्यातला सूर निराळा.

पदराचा आणखी एक अर्थ थर असा आहे. 'या प्रश्नाला अनेक पदर आहेत,' असे आपण म्हणतो. दोरीला पदर असतात, साखळीला असतात. पेडणे तालुक्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 'चौपदरी' झाला तेव्हा अवजड यंत्रे आणि डांबर यांच्या बरोबरीने नऊवारी लुगड्याचा पदरही त्या रस्त्यावर अंथरला गेला. फक्त तो कोणाच्या लक्षात आला नाही.

ओटी आणि कास

लुगड्याचा किंवा पदराचा पोटापुढे धरलेला खोळ म्हणजे ओटी. सुवासिनीची ओटी खण, नारळ आणि तांदूळ यांनी भरतात. मूल 'ओटीत घालणे' म्हणजे ते दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, दत्तक देणे. आणि त्या खोळाच्या मागे शरीराचा जो भाग येतो, त्यालाही भाषेने तेच नाव दिले: ओटीपोट. ज्या ठिकाणी गर्भाशय आहे त्याच ठिकाणी आपल्या पूर्वजांनी नारळ आणि तांदूळ ठेवले, यात शरीरशास्त्र किती आणि श्रद्धा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र 'ओटीपोटात दुखते' असे सांगणारी स्त्री दुखण्याची जागा आपल्याला पाठ्यपुस्तकाइतकीच नेमकी सांगत असते, हे तरुण डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे.

नेसूच्या वस्त्राचा मागे खोचलेला भाग म्हणजे कास किंवा कासोटा. ज्याला पाण्यात उतरायचे आहे, ओझे उचलायचे आहे किंवा लढायचे आहे, तो आधी कासोटा घट्ट करतो आणि कमरेला शेला आवळतो. म्हणून 'कंबर कसणे' म्हणजे सिद्ध होणे. बायबलमध्येही हीच आज्ञा आहे. पायघोळ झगा घालणाऱ्या त्या समाजात झग्याचा घेर उचलून कमरेत खोवल्याशिवाय धावता येत नसे. इंग्रजीने तो वाक्प्रचार तेथूनच उचलला. मराठी शेतकरी आणि प्राचीन इस्राएलचा मेंढपाळ यांची कधी गाठ पडली नाही; पण सैल वस्त्र आणि कष्टाचे काम एवढ्या दोन गोष्टी समान असल्या की भाषा त्याच एका चित्रापाशी येऊन पोहोचते.

'कास धरणे' म्हणजे एखाद्याचा आधार घेऊन त्याच्या मागून जाणे. आपण सद्गुरूची कास धरतो, विज्ञानाची कास धरतो. गाईच्या सडांवरील भागालाही कास म्हणतात, त्यामुळे या शब्दाबरोबर कोणाला वासरूही आठवेल. दोन्ही चित्रे आधाराचीच आहेत. इंग्रजीत मात्र दुसऱ्याच्या कोटाची शेपटे धरून पुढे जाणारा मनुष्य कौतुकाचा विषय होत नाही. तो आयत्या यशाचा धनी ठरतो. मागून वस्त्र धरण्याची कृती एकच, पण एका भाषेत ती निष्ठा झाली, दुसरीत लाचारी.

कमरेच्या वस्त्राबद्दल बोलताना 'कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळणे' हा वाक्प्रचार टाळता येत नाही. लाज सोडलेल्या माणसाचे इतके नेमके आणि इतके थोडक्यात वर्णन दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल, असे मला वाटत नाही.

डोईवरचे: पगडी, टोपी आणि पारा

पागोटे म्हणजे प्रतिष्ठा. मानाने शेला-पागोटे देण्याची रीत होती. पुढे महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत टोमणे मारणाऱ्या चिठ्ठ्यांना 'शेलापागोटे' हेच नाव मिळाले. मानाचे वस्त्र थट्टेचे झाले. मुंबईत तर पगडी चक्क बाजारात उतरली: जागा भाड्याने घेताना मालकाला द्यावयाची ठोक रक्कम म्हणजे 'पगडी', आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या प्रथेला मान्यताही दिली. बाजू बदलणे म्हणजे 'पगडी फिरवणे'. टोप्या आल्यावर तीच क्रिया 'टोपी फिरवणे' झाली. इंग्रजीत याच कामासाठी कोट उलटा करतात. आपल्या पक्षाची खूण आत जावी म्हणून कोट उलटवणारा तो 'टर्नकोट', हा शब्द सोळाव्या शतकापासून रूढ आहे. आपल्याकडे डोके फिरते, त्यांच्याकडे अंग. निष्ठा मात्र दोन्हीकडे सारखीच फिरते.

वस्त्रावरून माणसाची ओळख ठरवण्याचा एक इतिहास आमच्या गावाच्या काठावरूनच वाहतो. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वराचे देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी येथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. पलीकडच्या काठावर राज्य होते ते 'टोपीकरां'चे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस या साऱ्यांना याच एका शब्दात गोळा केले आहे. समोरचा कोणत्या देशाचा, कोणत्या पंथाचा, हे नंतर. आधी डोक्यावर काय आहे ते पाहिले गेले. टोपीकरही काही वेगळे नव्हते. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात येथील ख्रिस्ती पुरुषांनी धोतर नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, असे बजावले होते. वस्त्र बदलले की माणूस बदलतो, अशी दोन्ही काठांची समजूत होती. प्रत्यक्षात वस्त्रांचे शब्द मात्र नदी मुकाट्याने ओलांडत राहिले: आपली 'इस्त्री' पोर्तुगीजांकडून आली, आणि सदऱ्याचे 'काज' म्हणजे त्यांच्या भाषेतले घर, बटणाचे घर.

टोपीचा विषय निघाला की डॉक्टरांना इंग्रजीतील एक वाक्प्रचार हमखास आठवतो: 'टोप्या करणाऱ्यासारखा वेडा'. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपात सशाच्या व बीव्हरच्या केसांपासून नमद्याच्या टोप्या बनवीत, आणि केस एकमेकांत गुंतावेत म्हणून त्यांवर पाऱ्याच्या नायट्रेटची प्रक्रिया करीत. बंद खोल्यांत त्या वाफा वर्षानुवर्षे श्वासावाटे घेतलेल्या कारागिरांचे हात कापू लागत, ते भित्रे व चिडखोर होत, बोलताना अडखळत. वाक्प्रचाराचा उगम पाऱ्यातच आहे की नाही यावर भाषातज्ज्ञांचे एकमत नाही; लुईस कॅरॉलच्या १८६५ सालच्या 'ॲलिस'मधील टोपीवाल्याच्या आधीपासून तो छापील इंग्रजीत आढळतो. पण कारागिरांचा रोग खरा होता. अमेरिकेत टोप्यांच्या धंद्यातून पारा हटण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

आणि आम्हा बालरोगतज्ज्ञांची यात एक शरमेची पुरवणी आहे. टोपीवाल्यांचा रोग सर्वांना माहीत असतानाही दात येणाऱ्या बाळांना पाऱ्याच्या क्षाराची पूड सर्रास दिली जात होती. त्या बाळांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत, ती घामाने भिजत, उजेड सहन करू शकत नसत, आणि रात्रंदिवस कण्हत. त्या 'गुलाबी रोगा'चे कारण पारा आहे हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस ध्यानात आले. पुढच्या दशकात त्या पुडी बाजारातून गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ रोगही गेला. कारागिराच्या टोपीतला पारा आम्हाला दिसला, पण आमच्याच पुडीतला दिसायला कैक वर्षे लागली.

हा टोपीवाला आजही आमच्या अतिदक्षता विभागात येतो. धोत्र्याचे बी खाल्लेले मूल ओळखण्यासाठी इंग्रजीत जो पाठ शिकवतात, त्यात 'सशासारखा तापलेला, वटवाघळासारखा आंधळा, हाडासारखा कोरडा, बिटासारखा लाल' यांच्या जोडीला 'टोप्या करणाऱ्यासारखा वेडा' असतोच. महादेवाला वाहतात तो धोत्रा अंगणात वाढवणाऱ्यांनी त्याची बोंडे मुलांच्या हाती लागणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी.

वैद्यकाच्या कपाटातील कपडे

केवळ वाक्प्रचारांतच नव्हे, तर आपल्या शरीरशास्त्रातही जुने कपडे टांगलेले आहेत. रोहिणीच्या भिंतीच्या थरांना आपण 'ट्यूनिका' म्हणतो. ट्यूनिका म्हणजे रोमन माणसाचा सदरा, आणि प्रत्येक रोहिणी असे तीन सदरे घालते. हृदयाची 'मायट्रल' झडप म्हणजे बिशपची दोन पाखांची उंच टोपी; ही उपमा व्हेसेलियसने १५४३ च्या आपल्या ग्रंथात दिली. जुन्या गोव्यातील उत्सवात ती टोपी प्रत्यक्ष पाहिलेल्यांना झडपेचा आकार वेगळा शिकवावा लागत नाही. मांडीवरचा 'सर्टोरियस' स्नायू म्हणजे शिंप्याचा स्नायू, मांडी घालून बसलेल्या शिंप्यावरून.

'झोस्टर' म्हणजे ग्रीक भाषेत कमरपट्टा. ज्या पुरळाला त्यांनी पट्टा म्हटले त्याला आपण नागीण म्हणतो, आणि नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की रोगी दगावतो, अशी भीती घरोघर आहे. ग्रीकांचा शब्द येथे अधिक दिलासा देणारा आहे. पुरळ एका बाजूच्या मज्जातंतूच्या मार्गाने उठते, म्हणून हा पट्टा सहसा अर्धाच असतो. तो मध्यरेषा ओलांडून पुरा होत नाही.

सर्वांत अर्थपूर्ण शब्द मात्र 'पॅलिएटिव्ह'. लॅटिनमध्ये 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. त्यावरून आलेल्या क्रियापदाचा एक अर्थ दोष झाकणे असा होता आणि दुसरा अर्थ, बरे करता येत नाही ते दुखणे सुसह्य करणे. मराठीत 'पांघरूण घालणे' म्हटले की आपल्याला पहिलाच अर्थ आठवतो: चुकीवर पांघरूण, गैरव्यवहारावर पांघरूण. पण रात्री मुलाच्या अंगावर पांघरूण घालणारी आई काही लपवीत नसते. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाच्या वेदना शमवणारे वैद्यक हे याच दुसऱ्या अर्थाचे पांघरूण आहे. आपल्या व्यवसायात दोन्ही पांघरुणे आढळतात. कोणते कोणावर घालायचे एवढे मात्र कळले पाहिजे.

भिजत घोंगडे

इंग्रजीत उत्साहावर विरजण घालणाऱ्या माणसाला 'ओले घोंगडे' म्हणतात, कारण ओले घोंगडे टाकून आग विझवीत. मराठीत चित्र तेच आहे, पण अर्थ निराळा. धनगरी लोकरीचे घोंगडे, ज्याला आमच्याकडे कांबळ म्हणतात, पावसात भिजले की दुप्पट जड होते आणि लवकर वाळत नाही. ते पांघरता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. म्हणून न सुटणाऱ्या, न मिटणाऱ्या प्रश्नाला आपण 'भिजत घोंगडे' म्हणतो. ज्यांच्याकडे चुलीपुढे घोंगडे विझवणीला आले त्यांना आग दिसली. ज्यांनी चार महिने कोकणचा पाऊस अंगावर घेतला त्यांना वाळणे दिसले. वाक्प्रचार घडतो तो हवामानातून आणि कष्टातून, हे यापेक्षा चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

मात्र सारेच वारसे जपण्याजोगे नसतात. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण ज्यांच्यासाठी वापरली गेली त्यांच्या पिढ्यांनी तिचे चटके सोसले. भित्र्या पुरुषाला 'बांगड्या भर' म्हणणाऱ्याने एक रात्र प्रसूतिगृहात काढावी. बांगड्या भरलेल्या हातांत किती बळ असते ते त्याला दिसेल. असे शब्द कोशात असावेत, तोंडी नसावेत.

ती मुलगी

सुमारे दीड वर्षाने ती आजी नातीला घेऊन पुन्हा आली, या वेळी वेगळ्या तक्रारीसाठी. ''पोर वाढतच नाही.'' मी दोघींना ओळखले. मुलगी दीड वर्षात जवळजवळ तेवढीच राहिली होती. चेहरा अधिक सुजट, कातडी कोरडी, बद्धकोष्ठ, शाळेत गुंगीत असल्यासारखी. आणि पाळी मध्यंतरी येतच होती. रक्ततपासणीत थायरॉइडची तीव्र कमतरता निघाली. थायरॉइड फार काळ कमी पडल्यास क्वचित मुलींची वाढ खुंटते आणि पाळी मात्र वेळेपूर्वी सुरू होते. व्हॅन विक आणि ग्रमबाख यांनी १९६० सालीच हे वर्णन केले होते. ते मी वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. लवकर पाळी येण्याची अनेक कारणे असतात आणि त्यांतील काही गंभीर असतात; हिचे कारण रोज एका स्वस्त गोळीने आटोक्यात येणारे होते. निदानाचा अर्धा भाग आजीने पहिल्याच दिवशी एका शब्दात माझ्या हाती दिला होता. मी तो घेतला नाही.

गोळी सुरू झाली. काही महिन्यांत मुलगी हसू-बोलू लागली, उंची वाढू लागली आणि पाळी थांबली. पुढच्या भेटीत आजी समाधानाने म्हणाली, ''पदर मागं गेला, डाक्तर.'' कोणत्याही ग्रंथात या आजाराच्या उपचाराचा परिणाम इतक्या नेमक्या शब्दांत मी वाचलेला नाही. गमावलेली दीड वर्षे मात्र पूर्णपणे भरून आली नाहीत. मुलगी मोठी झाली ती घरातल्या इतर बायकांहून थोडी ठेंगणीच राहिली.

मी आजीला त्या पहिल्या दिवसाबद्दल सांगितले. माझ्या न समजण्यामुळे उशीर झाला, हे कबूल केले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ''मला वाटलं, डाक्तर हसले म्हणजे काही नसेल.'' तिच्या या वाक्याने मला जितके शिकवले तितके दुसऱ्या कशानेही शिकवलेले नाही.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे. रुग्ण एखादा न समजणारा शब्द उच्चारील तेव्हा हसू नका आणि अंदाजही करू नका. ''म्हणजे काय हो?'' असे विचारा. तुमच्या विभागातील आया, परिचारिका, तुमच्या घरातील आजी यांच्याजवळ हे शब्दकोश जिवंत आहेत. आणि समाजबांधवांना विनंती अशी, की डॉक्टरला तुमचे बोलणे कळले नाही असे वाटले तर संकोच न करता दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगा. 'डॉक्टर हसले' हे निदान नव्हे.

आजीची पेटी मी पुन्हा भरून ठेवली आहे. घोंगड्याला ऊन दाखवले. लुगड्याच्या घड्या मोडून नव्याने घातल्या. घडी घालताना पदराच्या कोपऱ्यात एक सुटलेली, चुरगळलेली गाठ दिसली. आजीने तेथे काय बांधले होते कोण जाणे. नव्याने घडी घातली, पण तेवढी गाठ सरळ केली नाही. पदराचा एक अर्थ मी वहीत सर्वांत शेवटी लिहिला आहे. आपली चूक नाकारता न येता स्वीकारणे, यालाही मराठीत 'चूक पदरात घेणे' असेच म्हणतात.